तीन बटणं सोडायची की ठेवायची? फोनमधलं जेस्चर नेव्हिगेशन समजून घेऊ

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानातून नवा फोन घरी येतो. दुकानातल्या मुलाने सिम टाकून दिलेलं असतं, जुने फोटो नव्या फोनमध्ये चढवलेले असतात, वरून काचही बसवून दिलेली असते. मग संध्याकाळी घरात पहिला प्रश्न निघतो: "याच्यात मागे कसं जायचं?" स्क्रीनच्या तळाशी वर्षानुवर्षं असलेली तीन बटणं कुठेच दिसत नाहीत. त्यांच्या जागी एक बारीक आडवी रेघ असते आणि तिच्यावर बोट टेकवलं तर काहीही होत नाही.

हा प्रश्न मला निवृत्त शिक्षकांनी विचारलाय, किराणा दुकानदारांनी विचारलाय आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींनीही विचारलाय. फोनमध्ये काही बिघडलंय असंच बहुतेकांना वाटतं. बिघडलेलं काही नसतं, फक्त फोनशी बोलायची रीत बदललेली असते. माझं मत आधीच सांगते: बहुतेकांनी ही नवी रीत शिकावी, कारण ती हाताला खरोखर सोपी आहे. पण ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यावर ती लादली जाऊ नये. आणि लादणारं बरेचदा घरातलंच कुणीतरी असतं, म्हणून तो भाग पुढे जरा सविस्तर लिहिला आहे.

ती तीन बटणं नेमकं काय करायची?

त्रिकोण किंवा बाण म्हणजे बॅक, एक पायरी मागे. गोल म्हणजे होम, थेट मुख्य स्क्रीनवर. चौकोन किंवा तीन उभ्या रेघा म्हणजे रीसेंट, आतापर्यंत उघडलेल्या ॲपची रांग.

होम आणि बॅक यांतला फरक नीट कळला की पुढचं सगळं सोपं जातं. गोकुळपेठेच्या बाजारात तुम्ही व्हॉट्सॲपवर घरून आलेली भाजीची यादी बघताय. पैसे द्यायची वेळ आली, तुम्ही होमवर गेलात, पेमेंटचं ॲप उघडलं, पैसे दिले. पुन्हा व्हॉट्सॲप उघडलं तर यादी सहसा जिथे सोडली होती तिथेच असते, कारण होम दाबल्याने ॲप बंद होत नाही, फक्त बाजूला ठेवलं जातं. बॅक मात्र पायरीपायरीने उतरवतो: फोटोतून चॅटमध्ये, चॅटमधून चॅटच्या यादीत, यादीतून ॲपच्या बाहेर. कीबोर्ड उघडा असेल तर पहिला बॅक फक्त कीबोर्ड खाली घेतो, मागे जायला दुसरा लागतो. 'एकदा दाबून बॅक लागतच नाही' अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुतेकदा हेच निघतं.

दिवसभरात या दोघांपैकी बॅकच जास्त लागतो. लोक होमपेक्षा बॅक अधिक वापरतात, हे गूगलने २०१९ मध्ये आपल्या नव्या पद्धतीबद्दल लिहिताना सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण नव्या रीतीत सगळ्यात जास्त त्रास बॅकनेच दिला आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. सॅमसंगच्या फोनमध्ये बॅक मुळात उजवीकडे असतो, इतर बऱ्याच फोनमध्ये डावीकडे. त्यामुळे कंपनी बदलली की बटणं समोर असूनही बोट चुकीच्या जागी जायचंच.

बटणांच्या जागी काय आलं?

जेस्चर नेव्हिगेशन म्हणजे बटण न दाबता, स्क्रीनच्या कडेवरून बोट सरकवून फोनमध्ये इकडून तिकडे जाणं. यापुढे मी नुसतं 'जेस्चर' म्हणेन.

अँड्रॉइडमध्ये खालच्या कडेवरून बोट झटकन वर नेलं की होम. तसंच वर नेऊन मध्येच क्षणभर थांबलं की रीसेंट. डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत सरकवलं की बॅक. दोन्ही कडा चालतात, त्यामुळे फोन कुठल्याही हातात असला तरी फरक पडत नाही.

चौथं जेस्चर फार कमी लोकांना माहीत असतं आणि मला तेच सगळ्यात उपयोगाचं वाटतं. तळाच्या त्या रेघेवरूनच बोट आडवं फिरवलं की आधी वापरलेलं ॲप समोर येतं. समजा व्हॉट्सॲपवर कुणी महावितरणच्या बिलाचा फोटो पाठवलाय आणि त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक तुम्हाला पेमेंटच्या ॲपमध्ये लिहायचाय. चार आकडे वाचले, रेघेवरून बोट फिरवलं, लिहिले. पुन्हा फिरवलं, पुढचे चार वाचले. बटणांनी हेच करायला रीसेंट उघडून त्यातून ॲप शोधावं लागायचं. चौकोन दोनदा पटापट दाबला तरी ते व्हायचं म्हणा, पण तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

आयफोनमध्ये होम आणि ॲप बदलणं जवळपास असंच आहे. बॅकचं तसं नाही. आयफोनला सगळ्या ॲपमध्ये चालेल असं बॅकचं बटण कधी नव्हतंच. तिथे मागे जायचं ते डाव्या कडेवरून, आणि तेही त्या ॲपने सोय ठेवली असेल तर. म्हणून अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलेला माणूस उजव्या कडेवरून बोट सरकवत राहतो आणि फोन जागचा हलत नाही.

हे बदललं तरी कशाला?

'चांगलं चाललं होतं, उगाच बदल करून राहिले' ही तक्रार मी मनापासून समजू शकते. पण मागे वळून पाहिलं तर स्क्रीनवरची बटणं हीदेखील एकेकाळी नवीच गोष्ट होती. २००७ च्या पहिल्या आयफोनला स्क्रीनच्या खाली दाबता येणारं एकच गोल बटण होतं. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला अशी खरीखुरी बटणं बरीच होती. ती काचेच्या आत, स्क्रीनवर आली २०११ च्या गॅलेक्सी नेक्सस या फोनपासून. त्या आधीच, २००९ मध्ये, पाम कंपनीने आपल्या फोनमध्ये बोट सरकवून मागे जायची सोय केली होती, आणि २०११ च्या नोकिया एन-९ ला समोरच्या बाजूने एकही बटण नव्हतं. हे दोन्ही फोन बाजारात टिकले नाहीत, त्यांची कल्पना टिकली.

२०१७ मध्ये आयफोन टेनने होमचं बटण काढलं आणि मग सगळ्यांची घाई सुरू झाली. २०१८ च्या सुमारास बऱ्याच अँड्रॉइड कंपन्यांनी आपापलं वेगळं जेस्चर काढलं. शाओमीत बाजूच्या कडेवरून बॅक, वनप्लसमध्ये तळाच्या कोपऱ्यांवरून वर नेलं की बॅक, आणि खुद्द गूगलच्या अँड्रॉइड ९ मध्ये तळाशी गोळीसारखं एक बटण आणि त्याच्या शेजारी छोटा बाण, म्हणजे अर्धं जुनं आणि अर्धं नवं. एका घरात तीन कंपन्यांचे फोन असले तर तीन रीती. ज्यांनी तेव्हा जेस्चर वापरून पाहिलं आणि वैतागून सोडलं, त्यांचा वैताग खरा होता. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं, त्यात गूगलने सगळ्यांसाठी एक पद्धत ठरवली. वर सांगितली ती हीच. आयफोनपुरतं बोलायचं तर होमचं बटण असलेला शेवटचा फोन, आयफोन एसई, फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने विक्रीतून काढला.

कारणांपैकी पहिलं जागेचं. तीन बटणांची पट्टी साधारण साडेसात मिलिमीटर उंचीची असते आणि बहुतेक वेळ ती अडूनच राहते. चॅटची एखादी ओळ, नकाशाचा एखादा तुकडा तिच्याखाली जातो. जेस्चरच्या रेघेला याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी जागा पुरते. ज्या फोनचा स्क्रीन ओलेड प्रकारचा असतो, त्यात एकच चित्र वर्षानुवर्षं एका जागी राहिलं तर त्याची पुसट छाप पडू शकते. बटणं काढली की तोही धोका कमी होतो.

दुसरं कारण अंगठ्याचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. सीताबर्डीहून खापरीकडे जाणाऱ्या मेट्रोत संध्याकाळी उभ्याने प्रवास करणाऱ्यांचे हात बघा. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन. साडेसहा इंची फोन उजव्या हातात आहे आणि बॅक आहे डावीकडे तळाच्या कोपऱ्यात. तिथे पोचायला अंगठा तळहाताखाली दुमडून पार आडवा न्यावा लागतो. फोनची पकड सैल होते, करंगळी खालून आधार द्यायला धावते, आणि गाडीने वळण घेतलं की फोन निसटायची भीती नेमकी त्याच क्षणी असते. जेस्चरमध्ये बॅकसाठी अंगठा जिथे टेकलेला आहे तिथूनच, उजव्या कडेवरून, थोडासा आत न्यायचा. हात हलवावाच लागत नाही.

एका हाताने फोन वापरणारे कमी नाहीत. स्टीव्हन हूबर या अमेरिकी डिझायनरने २०१३ मध्ये सार्वजनिक जागी फोन हाताळणाऱ्या माणसांची १,३३३ निरीक्षणं नोंदवली होती. त्यांत स्क्रीनवर बोट चालवणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते. आणि तेव्हाचे फोन आजच्यापेक्षा बरेच लहान होते.

याला जुन्या संशोधनाचाही आधार आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिलं की एखाद्या जागी हात नेमका पोचायला किती वेळ लागतो हे दोन गोष्टींवर ठरतं: ती जागा किती लांब आहे आणि किती लहान आहे. बॅकचं बटण लहान आणि कोपऱ्यात. स्क्रीनची कड मात्र लांबलचक, आणि तिच्यावर कुठूनही सुरुवात केली तरी चालतं. नेम धरावाच लागत नाही.

मी फोटो सरकवतेय की मागे जातेय, हे फोनला कसं कळतं?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण इथेच सगळी मेख आहे. फोनची काच बोटाचा दाब मोजत नाही. काचेखाली न दिसणाऱ्या तारांची जाळी असते, तिच्यात सूक्ष्म विद्युतभार खेळत असतो आणि बोट जवळ आलं की त्या जागी तो बदलतो. फोनला दर क्षणाला एवढंच कळतं: बोट आत्ता इथे आहे, मग तिथे, आणि आता उचललं गेलं.

जेस्चर सुरू केलं की दोन्ही कडांना काही मिलिमीटर रुंदीची एक अदृश्य पट्टी राखून ठेवली जाते. बोट पहिल्यांदा कुठे टेकलं याला महत्त्व आहे. पट्टीत टेकलं आणि आडवं आत आलं तर फोन म्हणतो, हा बॅक. पट्टीत टेकलं पण वर-खाली गेलं तर ते ॲपचं काम, म्हणजे यादी सरकवायची आहे. पट्टीच्या पलीकडे, स्क्रीनच्या मध्यावर टेकलं तर ते पूर्णपणे ॲपचं. पुढचा फोटो बघायचा असेल तर बोट मध्यावरून फिरवा, मागे जायचं असेल तर कडेवरून. दोन्ही हालचाली सारख्याच दिसतात, फरक फक्त सुरुवातीच्या जागेचा.

काही ॲपना कडेची जागा स्वतःलाच लागते. फोटो कापताना त्याची चौकट अगदी कडेला असते, ती ओढायला गेलं की फोटो कापला जायच्या ऐवजी ॲपच मागे जातं. यासाठी अँड्रॉइडने सोय ठेवली आहे: ॲप बनवणारा एखाद्या भागापुरता बॅक बंद ठेवू शकतो. मात्र प्रत्येक कडेला मिळून साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, नाहीतर एखादं खोडसाळ ॲप तुम्हाला आतच अडकवून ठेवेल. आणि तळाची होमची जागा तर कुठल्याच ॲपला अशी अडवता येत नाही. काही अडलं तर खालून वर बोट न्यायचं, बाहेर पडाल, याची खात्री बाळगा. गेम किंवा व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर असेल तर कधी कधी दोनदा न्यावं लागतं, एवढंच.

जुन्या सवयीने डावीकडून बोट ओढून ॲपचा बाजूचा मेनू उघडणाऱ्यांचीही पंचाईत होते, कारण आता तिथे बॅक बसलाय. त्यांनी वरच्या तीन आडव्या रेघांवर टॅप करावं.

डोक्याला कळतं, बोटाला कळत नाही

आयुष्यभर गिअरची मोटरसायकल चालवलेला माणूस ॲक्टिव्हावर बसला की पहिले काही दिवस ब्रेक लावताना त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. मागचा ब्रेक डाव्या हातात आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, पण पायाला ठाऊक नसतं. बोटांचं तसंच आहे. दिवसातून शेकडो वेळा केलेली हालचाल आपण विचार करून करत नाही, आणि म्हणून ती विचार करून सोडताही येत नाही. चुकत चुकत नवी हालचाल पुरेशा वेळा केली की ती जुनीची जागा घेते.

याला किती वेळ लागतो? गूगलने स्वतःच्या चाचण्यांवरून एक ते तीन दिवस असं सांगितलं होतं. त्यानंतर बहुतेकांना बटणांकडे परत जायचं नव्हतं, असंही त्यांचं म्हणणं होतं. कंपनी आपल्या मालाबद्दल सांगते तेव्हा ते थोडं राखूनच घ्यावं. रोज तासन्‌तास फोन वापरणाऱ्या तरुणाला तीन दिवस पुरतील, दिवसातून चार-पाच वेळा फोन हातात घेणाऱ्या आजोबांना तितक्याच सरावासाठी दोन आठवडे लागू शकतात. कारण इथे दिवस मोजून उपयोग नाही, हालचाल किती वेळा झाली ते महत्त्वाचं.

म्हणून सकाळी जेस्चर लावायचं, दुपारी कंटाळून बटणं परत आणायची, रात्री पुन्हा जेस्चर, असं करू नका. बोटांचा त्यात पार गोंधळ होतो. कामाची गडबड नसलेला शनिवार-रविवार निवडा आणि आधी होमचा सराव करा, कारण होम चुकलं तरी काही बिघडत नाही. मग रीसेंट. बॅक शेवटी, आणि तोही फोटोंच्या गॅलरीत बसून. बँकेच्या ॲपमध्ये नाही.

शिकवताना बोट कुठे टेकतंय ते बघा, तोंडी सांगत बसू नका. मानेवाड्याच्या एका काकूंना मी बॅक शिकवत होते. "हा फोन माझं ऐकूनच नाही राहिला," असं त्या चिडून म्हणत होत्या. मी बोलणं थांबवलं आणि नुसतं त्यांच्या बोटाकडे पाहिलं. त्या तर्जनी काचेवर अलगद टेकवत होत्या, कडेपासून चांगली एक सेंटिमीटर आत, आणि मग सरळ, हळू, पार दुसऱ्या टोकापर्यंत नेत होत्या. बोट पट्टीत पडतच नव्हतं, त्यामुळे दर वेळी पुढचा फोटो यायचा. मी म्हटलं, "काकू, काचेवर टेकवूच नका. कव्हरवर टेकवा आणि तिथून काचेवर घसरवा. नखाएवढं पुरे." बोट कव्हरच्या काठावर गेलं, तिथून आत घसरलं आणि कडेला एक छोटा बाण उमटला. "हा बाण दिसला की बोट सोडा." सोडलं, आणि फोटो जाऊन यादी आली. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी सगळी गॅलरी आत-बाहेर करून पाहिली.

"पण चुकून मागे गेलं आणि सगळं भरलेलं गेलं तर?"

ही भीती रास्त आहे. शिष्यवृत्तीचा लांबलचक फॉर्म भरताना कडेला बोट लागलं आणि पान मागे गेलं, असं खरंच होतं. यावर तीन उपाय आहेत.

बॅक सुरू झाला तरी तो मध्येच रद्द करता येतो. कडेला बाण दिसला आणि लक्षात आलं की हे नको होतं, तर बोट उचलू नका. तसंच परत कडेकडे न्या, बाण नाहीसा होतो, मग बोट सोडा. काहीही घडत नाही. मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांची जेस्चरची निम्मी धास्ती तिथेच गेली.

दुसरा उपाय सेटिंगमध्ये आहे. बॅकची संवेदनशीलता कमी-जास्त करायची सोय बऱ्याच फोनमध्ये असते, काही फोनमध्ये डावी आणि उजवी कड वेगवेगळी ठरवता येते. चुकून मागे जात असेल तर ती कमी करा, म्हणजे ती अदृश्य पट्टी अरुंद होते.

तिसरा उपाय अँड्रॉइडच करतंय. नव्या आवृत्त्यांमध्ये, विशेषतः अँड्रॉइड १५ पासून, कडेवरून बोट आत नेताना चालू पान थोडं आकसतं आणि मागे कुठे जाणार ते आधीच डोकावतं. बोट सोडायच्या आधी निर्णय बदलता येतो. फक्त ॲप बनवणाऱ्यांनी त्यासाठी आपलं ॲप तयार केलेलं असावं लागतं, सगळ्यांनी अजून केलेलं नाही.

पैशांच्या व्यवहाराबद्दल मात्र स्पष्ट समजून घ्या, मग फोनमध्ये बटणं असोत की जेस्चर. यूपीआयचा पिन टाकण्याआधी मागे गेलात तर पैसे जात नाहीत. पिन टाकून पुढे पाठवल्यावर मागे गेलात तर व्यवहार रद्द होत नाही. तुमचा निरोप बँकेकडे गेलेला असतो, तुम्ही फक्त त्याचं उत्तर बघायला थांबलेला नसता. अशा वेळी लगेच पुन्हा पैसे पाठवू नका. आधी ॲपमधली व्यवहारांची यादी किंवा बँकेचा मेसेज बघा.

काच, कव्हर, घाम आणि हातमोजे

जेस्चर नीट चालत नाही म्हणून फोनला दोष देण्याआधी त्याच्यावर काय काय चढवलंय ते बघा. जाड कव्हरचा काठ काचेच्या वर आलेला असेल तर बोट कडेपर्यंत पोचतच नाही, ते काठावरून उडी मारून आत पडतं. टेम्पर्ड ग्लास स्क्रीनपेक्षा जरा लहान असेल आणि तिच्या कडेला धूळ भरली असेल तरी तसंच. दुकानात काच बसवून घेतानाच तिथल्या तिथे दोन्ही कडांवरून बॅक करून बघा, मग पैसे द्या. पुस्तकासारखं उघडणारं कव्हर असेल तर घडीच्या बाजूची कड वापरायला अवघड जाते, दुसऱ्या कडेची सवय लावून घेतलेली बरी.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा बोटं घामाने ओली असतात. पाण्याचा थेंबही त्या विद्युतभारात ढवळाढवळ करतो, त्यामुळे सरकणारं बोट मध्येच उचललं गेलं असं फोनला वाटतं आणि जेस्चर अर्धवट तुटतं. बटणाला क्षणभराचा स्पर्श पुरतो, जेस्चरला बोट टेकल्यापासून सुटेपर्यंत अखंड स्पर्श लागतो. इथे बटणं सरस आहेत, हे मान्य करायला हवं. बोट आणि काच कोरडी पुसणं हाच उपाय. गाडीवर जाताना आपण उन्हासाठी कोपरापर्यंतचे सुती हातमोजे घालतो, त्यांतून तर बटणंही लागत नाहीत आणि जेस्चरही नाही. गाडी बाजूला घेऊन हातमोजा काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

आईबाबांचा फोन तुमच्या सवयीने लावू नका

आता लादण्याबद्दल. मुलगा पुण्याहून सुट्टीला येतो, आईला नवा फोन आणतो, स्वतःला सोयीचं म्हणून जेस्चर लावून देतो, चार दिवस राहतो आणि जातो. त्यानंतर आईचे व्हॉट्सॲपवरचे फोटो कमी होतात, ती व्हिडिओ कॉल करत नाही, फक्त आलेला फोन उचलते. 'आईला नवीन काही जमत नाही' असं घरात बोललं जातं. मी हे अनेक घरांत पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या बाईला सगळं जमत होतं. तिच्या हातातली तीन खुणेची बटणं तिला न विचारता काढून घेतली गेली.

बटण दिसतं. दिसतं म्हणून ते आठवावं लागत नाही, बघून दाबता येतं. जेस्चर दिसत नाही, ते आधी कुणीतरी सांगावं लागतं आणि मग लक्षात ठेवावं लागतं. डॉन नॉर्मन आणि जेकब नील्सन हे या विषयातले दोन मोठे अभ्यासक. त्यांनी २०१० मध्येच हा आक्षेप घेतला होता: जेस्चर लपलेली असतात, ती आहेत हेच माणसाला कळत नाही आणि चुकून झालं तर काय झालं तेही उमगत नाही. इतक्या वर्षांनंतरही या आक्षेपाला पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. ज्याची स्मरणशक्ती किंवा नजर वयानुसार मंदावली आहे, त्याच्यासाठी दिसणारी वस्तू फार मोलाची असते.

हात थरथरत असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो. थरथरणाऱ्या बोटाला एका जागी टेकणं त्यातल्या त्यात जमतं, सरळ रेषेत सरकणं आणि 'वर नेऊन क्षणभर थांबणं' फार कठीण जातं. अशा माणसाच्या फोनमध्ये बटणंच ठेवा. लागलं तर अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मोठ्या बटणांचा एक मेनू मिळतो, तोही लावता येतो. आयफोनमध्ये असिस्टिव्ह टच नावाचं स्क्रीनवर तरंगणारं बटण आहे, त्यातून होमवर जाता येतं.

दृष्टिहीन माणसं अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक वापरतात, म्हणजे फोन स्क्रीनवरचं बोलून दाखवतो. टॉकबॅक सुरू असताना एका बोटाने सरकवणं हे पुढचा मजकूर ऐकण्यासाठी राखलेलं असतं, म्हणून होम आणि बॅकची जेस्चर दोन बोटांनी करावी लागतात. घरात कुणी टॉकबॅक वापरत असेल तर त्यांच्या फोनचं नेव्हिगेशन परस्पर बदलणं म्हणजे त्यांचा रस्ताच बदलून टाकणं आहे.

याचा अर्थ वय झालं की जेस्चर नको, असाही नाही. मानेवाड्याच्या काकूंना ते आवडलं, आता त्या बटणं नको म्हणतात. आधी विचारावं, दोन्ही दाखवावं आणि ज्याचा फोन त्याला ठरवू द्यावं.

उद्या कंपन्यांनी बटणं काढूनच टाकली तर?

आयफोनवर तीन बटणं कधीच नव्हती, तिथे निवड करायचा प्रश्न नाही. अँड्रॉइडमध्ये अँड्रॉइड ९ वालं गोळीचं बटण मागे पडलं, पण तीन बटणांचा पर्याय अजून कायम आहे. ज्यांना शारीरिक अडचण आहे त्यांना तो लागतो, हे गूगलने सुरुवातीपासून मान्य केलेलं आहे.

गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये तो सेटिंगमधल्या सिस्टीममध्ये सापडतो, सॅमसंगमध्ये डिस्प्लेमध्ये 'नेव्हिगेशन बार' या नावाने. सॅमसंगमध्ये तिथेच बटणांचा क्रमही उलटा करता येतो, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा फोन वापरून आलेल्याला बॅक डावीकडे आणता येतो. बाकीच्या कंपन्या जागा बदलत राहतात, म्हणून शोधत बसू नका. सेटिंग उघडा, वरच्या शोधपट्टीत 'नेव्हिगेशन' लिहा, पर्याय समोर येईल. फोन मराठीत असेल तर मराठीतच लिहा. पर्याय बदलल्यावर फोन बंद करून चालू करावा लागत नाही, आणि फोटोंना, मेसेजना किंवा बँकेच्या ॲपला काहीही धक्का लागत नाही. जेस्चर लावून पाहिलं आणि नाहीच जमलं, तर याच जागी येऊन तीन बटणं निवडली की ती पुन्हा तळाशी हजर होतात.